माणूस जिथे बसतो, कायदा तिथला: परदेशातल्या भरतीबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळी बहुतेक प्रश्न एकाच गोष्टीवर आलेत, कंपनी एका देशात आणि माणूस दुसऱ्या, मग चालणार कोणाचं. प्रश्न थोडे छाटलेत, नावं काढून टाकलीत.

प्रश्न: जर्मनीतला एक डेव्हलपर दोन वर्षं आमच्याकडे फ्रीलान्सर म्हणून आहे. दर महिन्याला इन्व्हॉइस पाठवतो, टॅक्स स्वतः भरतो, त्यालाही हेच हवं होतं. ॲग्रीमेंटमध्ये स्पष्ट लिहिलंय की तो कर्मचारी नाही. तरी टेन्शन घ्यायचं का?

घ्या थोडं. ॲग्रीमेंट बाजूला ठेवा आणि त्याची सगळी इन्व्हॉइसेस एकाखाली एक लावून नंबर बघा. ०१, ०२, ०३ असे सलग चोवीसपर्यंत गेलेत, मध्ये एकही गाळलेला नाही? मग दोन वर्षांत त्याने बहुतेक दुसऱ्या कोणालाच बिल लावलेलं नाही, तुम्हीच त्याचं एकमेव गिऱ्हाईक. आता कॅलेंडर उघडा. सकाळचा साडेनऊचा कॉल त्याला चुकवता येतो का, सुट्टीवर जाताना तो कळवतो का परवानगी मागतो, लॅपटॉप कोणाचा, ईमेल आयडी कोणाच्या डोमेनवर. तपासणारे हेच बघतात. जर्मनीत माणूस खरा फ्रीलान्सर का प्रत्यक्षात कर्मचारी हे ठरवायला सरकारी पेन्शन विमा संस्था आहे, तिच्याकडे दोघांपैकी कोणीही अर्ज करून स्टेटस विचारू शकतो, आणि कागदावर काय लिहिलंय यापेक्षा रोजचं काम कसं चालतं याला तिथे जास्त वजन असतं.

समजा तो नावापुरताच फ्रीलान्सर आहे असं ठरलं, तर साधारण मागच्या ४ वर्षांचे सोशल सिक्युरिटीचे हप्ते मागतात आणि मुद्दाम चुकवले असं दिसलं तर ३० वर्षांपर्यंत मागे जाता येतं. त्यात खरी मेख अशी की कर्मचाऱ्याच्या वाट्याचा हप्ता कापायचा राहून गेला तर तो सहसा पुढच्या तीन पगारांतूनच कापता येतो, त्यामुळे जुन्या थकबाकीत त्याचा हिस्सा आणि तुमचा हिस्सा दोन्ही तुमच्याच गळ्यात. आणि "त्यालाही हेच हवं होतं" याचा इथे शून्य उपयोग. आज हवं असतं हो, पण ज्या दिवशी काम थांबवाल त्या दिवशी तोच पहिला अर्ज टाकेल, मी असं होताना पाहिलंय.

जाता जाता अजून एक, कोड कोणाचा ते पण बघून घ्या. कर्मचाऱ्याने कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या सॉफ्टवेअरचे आर्थिक हक्क जर्मन कायद्याने आपोआप कंपनीकडे येतात, फ्रीलान्सरच्या बाबतीत जे लिहून घेतलं असेल तेवढंच.

प्रश्न: कॉन्ट्रॅक्टमध्ये आम्ही आमच्याच देशाचा कायदा लागू असं लिहिलंय, एक महिन्याची नोटीस ठेवलीय. जर्मनीतल्या एका महिला कर्मचाऱ्याला ईमेलवर नोटीस दिली तर तिच्या वकिलाचं पत्र आलं की नोकरी संपलेलीच नाही. हे काय आता?

परत जर्मनी! वकील बरोबर बोलतोय. युरोपियन युनियनमध्ये रोम १ नावाचा नियम आहे, २००८ चा, तो म्हणतो की कॉन्ट्रॅक्टमध्ये हवा तो कायदा निवडा पण माणूस नेहमी जिथे काम करतो तिथल्या कायद्याने दिलेलं सक्तीचं संरक्षण त्यामुळे काढून घेता येत नाही. म्हणजे तुमचं ते कलम फाडून टाकायची गरज नाही पण त्याच्या भरवशावर राहू पण नका.

आणि ईमेलचं म्हणाल तर जर्मनीत नोकरीवरून काढायचं पत्र कागदावरच लागतं, खाली शाईची सही. ईमेल चालत नाही, व्हॉट्सॲप चालत नाही, पीडीएफवर केलेली डिजिटल सही चालत नाही, स्कॅन तर नाहीच. मी स्वतः सुरुवातीच्या काळात एका क्लायंटसाठी स्कॅन केलेलं पत्र पाठवून निवांत बसलो होतो, समोरून दोन ओळींचं उत्तर आलं आणि मग मूळ कागद कुरियरने पोचेपर्यंत महिना उलटला, नोटीस पहिल्यापासून मोजायची आणि मधला पगार द्यायचा. तुमचंही तेच झालंय. तिची नोकरी चालू आहे, पगाराचं मीटर पण चालू आहे. आजच कागद तयार करा, आणि सही करणारा माणूस कंपनीचा अधिकृत प्रतिनिधी नसेल तर मूळ अधिकारपत्र सोबत जोडा, नाहीतर ती लगेच त्याच मुद्द्यावर पत्र परत पाठवू शकते.

कागद हातात पडल्यावर तिला कोर्टात जायला ३ आठवडे असतात. जर्मनीतल्या ऑफिसात १० पेक्षा जास्त लोक आणि तिची ६ महिन्यांवर नोकरी झाली असेल तर काढायला कायद्यात बसणारं कारणही लागेल, तुमची तिथे एकटीच असेल तर बहुतेक हा भाग लागणार नाही. पण ती गरोदर असेल तर कंपनी कितीही लहान असो, थांबा आणि आधी तिथला वकील गाठा.

प्रश्न: मग या भानगडीत न पडता ईओआर (एम्प्लॉयर ऑफ रेकॉर्ड) घेतला तर सगळं सुटतं ना?

बरंचसं, सगळं नाही. ईओआर म्हणजे त्या देशातली कंपनी कागदावर मालक होते, पगार, टॅक्स, विमा ती बघते, काम तुम्ही करून घेता आणि तिला माणशी फी देता. एक-दोन माणसांसाठी स्वतःची कंपनी उघडण्यापेक्षा हे कधीही बरं. पण जर्मनीत याला माणसं भाड्याने दिल्यासारखं धरतात, त्याला लायसन्स लागतं आणि एकाच माणसाला एकाच ठिकाणी साधारण १८ महिन्यांची मर्यादा आहे, हे सेल्सवाला पहिल्या कॉलवर सांगेलच असं नाही.

दुसरं म्हणजे टॅक्स. तुमचा माणूस तिथे बसून नेहमी डील पक्की करत असेल, तुम्ही फक्त शेवटचा शिक्का मारत असाल, तर तो ईओआरच्या पगारावर असला तरी तुमच्या कंपनीचं तिथे ठाणं आहे, म्हणजे कंपनी तिथे धंदा करते आणि तिने तिथे टॅक्स भरावा, असं तिथलं टॅक्स खातं म्हणू शकतं. डेव्हलपरच्या बाबतीत ही भीती कमी, सेल्सच्या माणसाला मात्र ठेवायच्या आधी विचारून घ्या.

प्रश्न: ब्राझील आणि फिलिपिन्समध्ये माणसं घेतोय. बजेट म्हणजे महिन्याचा पगार गुणिले १२, बरोबर?

१३ पासून सुरू करा. दोन्हीकडे तेरावा पगार कायद्यानेच आहे, बोनस म्हणून तुमच्या मर्जीवर नाही. फिलिपिन्समध्ये तो २४ डिसेंबरच्या आत, ब्राझीलमध्ये दोन हप्त्यांत, पहिला ३० नोव्हेंबर आणि दुसरा २० डिसेंबरपर्यंत. ब्राझीलमध्ये पुढे वर्षाला ३० दिवसांची रजा आणि त्या रजेच्या पगारावर वर एक तृतीयांश, शिवाय दर महिन्याला पगाराच्या ८ टक्के एका फंडात. विनाकारण काढलंत तर त्या फंडातल्या रकमेच्या ४० टक्के अजून. म्हणून माणूस ठेवतानाच काढायचा खर्च एक्सेलमध्ये वेगळ्या कॉलममध्ये लिहा, लोक तो कॉलमच करत नाहीत.

नेदरलँड्सचा विचार असेल तर आजारपणाचा पण कॉलम टाका, तिथे आजारी माणसाला २ वर्षांपर्यंत किमान ७० टक्के पगार मालक देतो.

प्रश्न: आमचा एकजण न सांगता पोर्तुगालला जाऊन तीन महिने तिथूनच काम करतोय. १८३ दिवसांच्या आत आहे म्हणजे ओके ना?

हा १८३ आकडा सगळ्यांना पाठ असतो आणि बहुतेकांना चुकीचा. तो दोन देशांमधल्या इन्कम टॅक्सच्या करारांतला आहे, म्हणजे तेवढ्या दिवसांच्या आत राहिलं तर पगारावर तिथे टॅक्स नाही, आणि तिथेही एकटा पुरत नाही, पगार देणारा त्या देशातला नसावा, पगाराचा खर्च तिथल्या ठाण्यावर पडलेला नसावा या अटी सोबत असतात. सोशल सिक्युरिटी, व्हिसा आणि कामगार कायदा यांना १८३ शी काही देणंघेणं नाही, ते पहिल्या दिवसापासून लागू शकतात. त्याच्याकडे तिथे काम करायची परवानगी आहे का हे आज विचारा, परत कधी येणार ती तारीख लेखी घ्या, आणि तोपर्यंत रात्री उशिरा मेसेज टाकू नका, पोर्तुगालमध्ये विश्रांतीच्या वेळेत माणसाशी संपर्क न करणं ही मालकाची कायदेशीर जबाबदारी आहे.