वाचकांचे प्रश्न : ऊन, तपकिरी पाणी आणि जीवाणू

प्रश्न : बदामाची वाळलेली पाने रात्रभर भिजवून तपकिरी पाणी केले. निम्मे पाणी पेट प्लॅस्टिकच्या बाटल्यांत भरून तीन दिवस गच्चीवर उन्हात ठेवले, निम्मे फॉइल गुंडाळून. मग दोन्हींत तळ्याचे थोडे पाणी घालून बीओडीच्या (जीवाणू किती ऑक्सिजन खर्च करतात ते मोजण्याच्या) बाटल्या अंधारात ठेवल्या. उन्हामुळे जीवाणूंना खाद्य मिळते असे मुलांना शिकवले होते, पण ऊन लागलेल्या पाण्यातच ऑक्सिजन कमी खर्च झाला. कुठे चुकले?
– एक शिक्षिका, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : मोजमापात चूक असेलच असे नाही. तुमचे पाणी ताजे होते, आणि ऊन उपयोगी पडते ते शिळ्या पाण्यात.

नुकत्या भिजलेल्या पानांतून साखरा, अमिनो आम्ले असे लहान रेणू सुटतात. ते जीवाणू उन्हाच्या मदतीशिवाय फस्त करतात. उलट अशा ताज्या द्रव्यावर ऊन पडले तर काही रेणू एकमेकांना जोडले जातात आणि खायला अवघड होतात. सोपे खाद्य संपल्यावर मागे उरतात ते मोठे, रंगीत ह्युमिक रेणू, म्हणजे पालापाचोळा कुजून राहणारे तपकिरी द्रव्य. जीवाणूच्या आवरणातून साधारण 600 डाल्टनपर्यंतचाच (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचे एकक) रेणू थेट आत जातो. त्याहून मोठा असला तर बाहेर विकरे (एन्झाइम) सोडून तो आधी तोडावा लागतो. ह्युमिक रेणू त्या विकरांनाही सहज दाद देत नाहीत. इथे ऊन कामाला येते. रंगीत रेणू अतिनील आणि निळा प्रकाश शोषतो, तुटतो, आणि फॉर्मिक, अॅसिटिक, पायरुविक अशी छोटी आम्ले सुटतात. समुद्राच्या पाण्यात पायरुविक आम्ल असे तयार होते आणि जीवाणू ते लगेच वापरतात, हे कीबर, मॅकडॅनियल आणि मॉपर यांनी 1989 साली दाखवले. काही कार्बन मात्र थेट कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. तो जीवाणूंच्या वाट्याला येतच नाही.

तेव्हा पुन्हा करताना पानांचे पाणी गाळून, त्यात चमचाभर तळ्याचे पाणी घालून, सैल झाकणाने दोन-तीन आठवडे अंधारात ठेवा. सोपे खाद्य तेवढ्यात संपते. मग 0.2 मायक्रॉनच्या पडद्यातून गाळा. कॉफीच्या गाळणीने जीवाणू अडत नाहीत, आणि ते राहिले तर उन्हात तयार झालेली आम्ले तिथल्या तिथे खाऊन टाकतात. मोजायला काही उरत नाही.

दुसरी अडचण बाटलीची. पेट प्लॅस्टिक यूव्ही-बी, म्हणजे अतिनील किरणांचा जास्त तीव्र भाग, जवळजवळ पूर्ण अडवते, खिडकीची काचही. उथळ पांढऱ्या ताटलीत 2–3 सेंमी पाणी घ्या आणि वर पातळ साधी पॉलिथिन ताणून बांधा. पाण्याचा रंग फिक्या चहाइतकाच असू द्या. गडद असेल तर वरच्या थरातच किरण संपतात आणि खालचे पाणी अंधारातच राहते. तुलनेची ताटली फॉइलने झाका आणि दोन्ही एकाच पाण्याच्या टबात ठेवा, नाहीतर फरक उन्हाचा की उष्णतेचा हे कळणार नाही. वाफ होऊन पातळी उतरली तर खुणेपर्यंत ऊर्ध्वपातित पाणी घाला.

तिसरी गोष्ट बहुतेकांकडून सुटते. उन्हातल्या रासायनिक क्रियाच ऑक्सिजन खातात आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात. म्हणून बाटल्या भरण्याआधी दोन्ही पाणी वेगवेगळे ठेवून एका भांड्यातून दुसऱ्यात दहा-बारा वेळा ओता. 27 अंशांना ऑक्सिजन लिटरला साधारण 8 मिलिग्रॅम दिसला पाहिजे. पेरॉक्साइड जीवाणूंची वाढ सुरुवातीला दाबते, त्यामुळे नुसत्या तीन दिवसांच्या आकड्यावर जाऊ नका. विंकलर पद्धतीत (रसायने घालून ऑक्सिजन मोजण्याच्या) उघडलेली बाटली पुन्हा वापरता येत नाही. म्हणून प्रत्येक पाण्याच्या निदान सहा बाटल्या लावा आणि 0, 3 व 7 दिवसांनी दोन-दोन उघडा. तळ्याचे पाणी 100 मिलिला 1 मिलि पुरे. शेवटी 1 मिलिग्रॅमपेक्षा कमी ऑक्सिजन उरला तर तो आकडा सोडा. पाणी पातळ करून पुन्हा लावा. कडुनिंबाची पाने घेऊ नका, त्यांचा अर्कच जीवाणूंना रोखतो.

प्रश्न : आजव्याच्या सयाजी सरोवरातही हे घडत असेल का? आणि उन्हाने रंग उडालेले पाणी प्यायला चालेल?
– रावपुरा, वडोदरा

उत्तर : घडते, पण वरच्या थरात. पावसाळ्यात झाडपाला आणि मातीतले रंगीत द्रव्य वाहून येते, पण सोबतचा गाळच प्रकाश अडवतो. गाळ खाली बसल्यावर काम वेग घेते. वारा पाणी ढवळत असल्याने खालचे पाणीही आळीपाळीने उन्हात येते.

पिण्याचे म्हणाल तर नाही. रंग उडाला म्हणजे रेणू तुटले, इतकेच; जंतू मेले असा त्याचा अर्थ नाही. तुटलेले रेणू तर साठवणीत जीवाणूंना वाढायला मदतच करतात. स्वच्छ पाणी पेटच्या बाटलीत सहा तास कडक उन्हात ठेवून निर्जंतुक करण्याची पद्धत आहे, पण तिला नितळ, बिनरंगी पाणी लागते. तपकिरी पाण्यात जंतूंपर्यंत पोचायचे किरण रंगच शोषून घेतो. असे पाणी गाळून उकळा.