मुलगी पुन्हा अंथरूण ओलं करतेय आणि एक पाय आत टाकून चालतेय. हा ‘टेदर्ड कॉर्ड’ असू शकतो का?

तुम्ही लिहिलंय, मुलगी ११ वर्षांची, पाच वर्षं अंथरूण कोरडं होतं, चार महिन्यांपासून पुन्हा ओलं होतंय, कंबर दुखते आणि चालताना डावा पाय आत वळतो. कसं ओळखायचं, असं विचारलंय.

ताई, मी डॉक्टर नाही. नागपूरला राहते, आणि माझ्या मुलाचं टेदर्ड कॉर्डचं (मज्जारज्जू खाली चिकटून ताणला जाण्याचं) निदान तेराव्या वर्षी झालं. तेही दोन वर्षं भलतीकडे फिरल्यावर.

आज एवढं करा, तिची पाठ चांगल्या उजेडात बघा. कमरेच्या खालच्या भागात, बरोबर मधोमध, केसांचा पुंजका, मऊ गाठ, लालसर डाग किंवा खोल खळगा आहे का? नितंबांमधली रेघ एका बाजूला वळलीय का? माझ्या मुलाला तिथे लिंबाएवढा मऊ उंचवटा होता. त्याची आजी म्हणायची, देवाची खूण आहे, आणि न्हाऊ घालताना तिथे दोन थेंब तेल जास्तच चोळायची. ती चरबीची गाठ आत मज्जारज्जूपर्यंत गेलेली होती, हे एमआरआयमध्ये कळलं. (अगदी खाली, माकडहाडाजवळची उथळ खळी मात्र कितीतरी बाळांना असते, तिला घाबरू नका.) आणि पाठ स्वच्छ दिसली म्हणून निश्चिंतही होऊ नका. काही मुलांच्या कातडीवर काहीच दिसत नाही.

आम्हाला डॉक्टरांनी समजावलं ते असं. मज्जारज्जू मणक्यांच्या पोकळीत मोकळा असतो आणि कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो. काहींचा तो खाली कुठेतरी चिकटलेला असतो, दाव्याला बांधलेल्या वासरासारखा. मूल उंच होतं, कणा लांबतो, दावं तेवढंच राहतं. मग ताणामुळे पाय आणि लघवीच्या नसांचं काम बिघडायला लागतं. म्हणून वयात येताना, उंची भराभर वाढते तेव्हा बऱ्याच मुलांचा त्रास बाहेर पडतो.

आमच्याकडे पहिला संशय डॉक्टरला नाही, बर्डीवरच्या (सीताबर्डी बाजारातल्या) बुटवाल्याला आला. शाळा सुरू व्हायच्या आधी बूट घ्यायला गेलो, तर म्हणाला, “ताई, याचा डावा पाय एक नंबर लहान आहे, आणि कमान बघा किती उंच.” मी हसून सोडलं. घरी आल्यावर जुनी चप्पल उलटी केली, तर डावीची बाहेरची कड झिजून गेलेली, उजवी जशीच्या तशी. तुम्हीही चपला उलट्या करून बघा. पायाची बोटं वाकडी होणं, एक पोटरी बारीक दिसणं, पाठ एका बाजूला झुकणं, पुढे वाकल्यावर कंबर-पाय जास्त दुखणं, नव्याने बद्धकोष्ठ, वारंवार लघवीचं इन्फेक्शन, सगळं टिपून ठेवा.

लघवीचं मात्र मुलं सांगत नाहीत. माझा मुलगा ओली चड्डी स्वतः धुवून गच्चीवर टाकायचा. मे महिन्यात नागपूरच्या उन्हात ती पंधरा मिनिटांत वाळायची, मला पत्ताच नाही. जुलैत पाऊस लागला, कपडे वाळेनात, तेव्हा पलंगाखाली सापडले. तोवर शेजारपाजारचे म्हणत होते जंत झालेत, बाप्पा. रागावू नका तिच्यावर, पण सरळ विचारा: लघवी पूर्ण होते का, जोर लावावा लागतो का, दिवसाही थेंब जातात का? लहानपणापासूनच रात्री अंथरूण ओलं करणारी आणि बाकी ठणठणीत असलेली मुलं खूप असतात, ती गोष्ट वेगळी. मोठा काळ कोरडी राहून पुन्हा सुरू होणं, आणि सोबत पाय किंवा कंबर, हे तपासायलाच हवं.

आमची चूक एकच झाली: पायासाठी हाडांचे डॉक्टर, लघवीसाठी दुसरे, कंबरेसाठी मलम. प्रत्येकाने आपापला तुकडा पाहिला. तुम्ही सगळं एका कागदावर लिहा आणि तो कागद न्यूरोसर्जनच्या हातात द्या. नागपुरात मेडिकलच्या (सरकारी मेडिकल कॉलेजच्या) सुपर स्पेशालिटीत ओपीडी आहे, धंतोली-रामदासपेठेत खाजगीही आहेत.

मुख्य तपासणी कण्याचा एमआरआय. सोनोग्राफी फक्त पहिल्या काही महिन्यांच्या बाळांत चालते, पुढे हाडं आड येतात. सोबत लघवी झाल्यावर पिशवीत किती उरते ते पाहतात, आणि गरज वाटली तर युरोडायनॅमिक तपासणी करतात, म्हणजे लघवीची पिशवी कशी भरते आणि रिकामी होते ते मोजतात. एक गुंता आधीच सांगते. रिपोर्टमध्ये रज्जू योग्य उंचीवर असूनही त्रास असू शकतो, आणि रिपोर्टमध्ये रज्जूच्या टोकाचा दोरा जाड दिसूनही मूल ठीक असू शकतं. म्हणून फक्त रिपोर्टवरून रज्जू मोकळा करायच्या ऑपरेशनचं ठरवू नका, दुसरं मत घ्या.

मात्र लघवी अचानक अडली, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला किंवा पाय झपाट्याने कमजोर पडला, तर ओपीडीची वाट न बघता त्याच दिवशी कॅज्युअल्टी गाठा.

आमच्या मुलाचं ऑपरेशन झालं, काही दिवस सपाट झोपून काढावे लागले. कंबरदुखी आधी गेली. लघवी हळूहळू, आणि पूर्ण नाही, अजून तो घड्याळ बघून जातो. उंची वाढत असेपर्यंत रज्जू पुन्हा चिकटू शकतो, म्हणून दरवर्षी दाखवतो. आता १६ वर्षांचा आहे. बूट दोन नंबरांचे दोन जोड घ्यावे लागतात, आणि बर्डीवाला एकाचे पैसे कमी करतो.