नुसते ब्लॉक करून थांबू नका

डीएनडी (जाहिरातीचे फोन नकोत अशी नोंदणी) लावलंय, तरी कर्ज, क्रेडिट कार्ड, प्लॉट यांचे फोन रोज येतात. एक नंबर ब्लॉक केला की दुसऱ्या दिवशी नवा. मग डीएनडीचा उपयोग काय? (पुणे)

डीएनडी पाळतात ते नोंदणी केलेले टेलिमार्केटर. त्यांचे जाहिरातीचे फोन १४० ने सुरू होणाऱ्या नंबरांवरून यायला हवेत. तुम्हाला छळणारे बहुधा नोंदणी न करता साध्या दहा आकडी सिमवरून फोन लावणारे एजंट असणार. ते डीएनडीची यादी बघतच नाहीत.

म्हणून माझा आग्रह आहे की ब्लॉक करून थांबू नका, तक्रार करा. ब्लॉक केल्याने तुमच्यापुरता एक नंबर थांबतो, तक्रारींनी तो नंबरच बंद पडू शकतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, नियम कडक केले. पूर्वी अशा नंबरवर कारवाई व्हायला सात दिवसांत १० तक्रारी लागत, आता दहा दिवसांत ५ पुरतात. पहिल्यांदा सापडल्यास १५ दिवस आउटगोइंग बंद, पुन्हा तेच केल्यास त्या माणसाची सगळी कनेक्शन सगळ्या कंपन्यांकडून वर्षभर बंद. डीएनडी लावलेले नसले तरी अशा बिगरनोंदणीवाल्यांविरुद्ध तक्रार चालते.

तक्रार फोन आल्यापासून सात दिवसांत करा. १९०९ वर एसएमएस पाठवायचा: फोन कशाबद्दल होता ते थोडक्यात, स्वल्पविराम, तो नंबर, स्वल्पविराम, तारीख. ट्रायच्या डीएनडी ॲपमधूनही करता येते. फोनवर चिडण्यात शक्ती घालवू नका. पलीकडे बहुतेकदा टार्गेटच्या ओझ्याखालची विशीतली मुलं असतात. शांतपणे विचारा, कोणत्या कंपनीकडून बोलताय आणि काय विकताय? तेवढीच माहिती तक्रारीत घाला.

आई सत्तरीची आहे. ‘ट्रायमधून बोलतोय, दोन तासांत तुमचा नंबर बंद होईल, ९ दाबा’ असा फोन आला. तिने ९ दाबले. मग पोलिसाच्या वेषातला एक जण व्हिडिओ कॉलवर येऊन केस झाल्याचं सांगू लागला. शेजारच्या काकू आल्या म्हणून फोन कापला गेला. ती अजून घाबरलेली आहे. (सोलापूर)

आधी आईंना एवढे सांगा की त्यांनी काहीही गुन्हा केलेला नाही आणि कोणी त्यांना न्यायला येणार नाही. नंबर बंद करण्यासाठी ट्राय कुणालाही फोन करत नाही. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची अटक आपल्या कायद्यात नाहीच. व्हिडिओ कॉलवर कोणी अटक करत नाही, की केस मिटवायला पैसे मागत नाही.

हे लोक माणसाला एकटे पाडतात. ‘कुणाला सांगू नका, फोन ठेवू नका’ हे त्यांचे पहिले वाक्य असते. काकू आत आल्या आणि तो डाव मोडला. आईंना म्हणावं, असा फोन आला की ठेवून दे आणि लगेच मला किंवा काकूंना सांग. रागावू मात्र नका. रागावलेल्या मुलांपासून आईवडील पुढचा फोन लपवतात आणि खरे नुकसान तिथे होते.

पैसे गेले नसतील तर दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावरच्या ‘चक्षू’ सुविधेवर नंबर नोंदवा, तिथे व्हॉट्सॲप कॉलचीही तक्रार घेतात. एक रुपया जरी गेला असेल, तर आत्ता १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. पैसे पुढच्या खात्यांत सरकण्याआधी ते गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांत सर्वांत जास्त असते.

मी इलेक्ट्रिशियन आहे. अनोळखी नंबर उचलला नाही तर काम जातं. काय करू? (कोल्हापूर)

उचलाच. १४० ने सुरू होणारा नंबर मात्र खुशाल सोडा, ती जाहिरात असते. १६०० ची मालिका बँका वगैरेंच्या सेवा-व्यवहारांच्या फोनसाठी आहे. ते उचला, पण ओटीपी तिथेही सांगायचा नाही. व्हॉट्सॲपवर ‘प्रायव्हसी’मधल्या ‘कॉल्स’मध्ये अनोळखी कॉल गप्प करायची सोय आहे, ती चालू ठेवा. गिऱ्हाइके तिथे मेसेज करू शकतात.

मित्राने कर्ज थकवलं आणि वसुलीवाले मला फोन करतात. मी जामीनदार नाही. १९०९ वर तक्रार करू का? (ठाणे)

नाही, ही जाहिरात नव्हे, त्यामुळे १९०९ चा उपयोग नाही. पण तुमची बाजू भक्कम आहे. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या आदेशानुसार वसुली एजंटांनी कर्जदाराच्या नातेवाइकांच्या आणि मित्रांच्या खासगी आयुष्यात घुसायचे नाही. खुद्द कर्जदारालाही सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही. तारीख-वेळ लिहून ठेवा, कर्ज देणाऱ्या बँकेकडे किंवा वित्त कंपनीकडे लेखी तक्रार द्या. तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, तिथे फी नाही. एखादे बेकायदा कर्ज-ॲप धमक्या देत असेल तर मात्र थेट सायबर पोलीस.

‘पार्सल आलंय, पत्ता सापडत नाही, हा कोड डायल करा’ म्हणून एकाने *२१* आणि पुढे एक नंबर सांगितला. मी केला. (नाशिक)

तुमचे कॉल त्या नंबरवर वळवले गेले असू शकतात. म्हणजे फोनवरून सांगितले जाणारे ओटीपीसुद्धा त्याच्या कानावर. आत्ता ##००२# डायल करा, सगळे फॉरवर्डिंग रद्द होते. मग *#२१# करून खात्री करा, बँकेचे आणि व्हॉट्सॲपचे पिन बदला आणि तो नंबर चक्षूवर नोंदवा.