वडिलांना पार्किन्सन्स आहे. स्नायूचा तुकडा न काढता मायटोकॉन्ड्रियाची तपासणी जळगाव-धुळ्यात होते का?

भाऊ, पार्किन्सन्ससाठी अशी तपासणी नेहमीच्या इलाजात कुठेच नाही, तेव्हा तिच्यासाठी वडिलांना जळगाव-धुळेच काय, पुण्या-मुंबईलाही नेऊ नका. मी धुळ्यात एमआरआय तंत्रज्ञ आहे, म्हणून यंत्राच्या बाजूने कारण सांगतो. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशींमधली ऊर्जा बनवणारी केंद्रं. सुई न टोचता ही ऊर्जा मोजायची पद्धत आहे, फॉस्फरस स्पेक्ट्रोस्कोपी. तिच्यात एटीपी आणि फॉस्फोक्रिएटिन ही पेशीत ऊर्जा साठवणारी रसायनं किती आहेत ते दिसतं. पण नेहमीचा एमआरआय हायड्रोजनचा सिग्नल पकडतो. 3 टेस्ला चुंबकशक्तीच्या यंत्रावर तो सुमारे 128 मेगाहर्ट्झला येतो, फॉस्फरसचा मात्र 52 च्या आसपास. त्याला कॉइल, म्हणजे सिग्नल पकडणारा अँटेना, वेगळी लागते, आणि सिग्नल इतका क्षीण असतो की पार्किन्सन्समध्ये झिजणारा मेंदूतला तो बारीक काळपट भाग त्यातून सुटा मोजणं फार अवघड. त्या भागात मायटोकॉन्ड्रियाचं कॉम्प्लेक्स-1 (ऊर्जा बनवण्याच्या साखळीतलं एक प्रथिन-यंत्र) कमी पडतं हे 1989 मध्येच दिसलं होतं, पण मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंत. शिवाय आकडा मिळाला तरी लेव्होडोपा या पार्किन्सन्सच्या मुख्य औषधाचा डोस लक्षणं बघूनच ठरतो. एक अपवाद: आईकडच्या नात्यात मधुमेहासोबत बहिरेपणा किंवा कमी वयात फिट, पक्षाघात असेल, तर न्यूरॉलॉजिस्टना मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनए तपासणीबद्दल जरूर विचारा. त्या डीएनएमधल्या 3243 क्रमांकाच्या जागेवरचा बदल लघवीच्या नमुन्यातही सापडतो, बऱ्याचदा रक्तापेक्षा ठळक.