बाबांचे जुने मेल नवीन पीसीवर कसे घ्यायचे?

प्रश्न : नमस्कार सर, मी दादरला राहते. बाबा मागच्या वर्षी गेले. त्यांच्या विंडोज 7 च्या पीसीवर आऊटलुक 2007 मध्ये बारा-तेरा वर्षांचे मेल आहेत, पॉलिसीचे, सोसायटीचे, आम्हा भावंडांना लिहिलेले, सगळे त्यातच. तो पीसी आता मधेच बंद पडतो म्हणून लॅमिंग्टन रोडवरून विंडोज 11 चा नवीन आणला. भावाने डॉक्युमेंट्स फोल्डर कॉपी केलं पण त्यात मेल नव्हतेच. खूप शोधल्यावर पीएसटी फाइल, म्हणजे आऊटलुक सगळे मेल ज्यात साठवतं ती, मिळाली, 11 जीबीची, तर 32 जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर ती जातच नाही, फाइल मोठी आहे म्हणतं. काय करू?

उत्तर : ताई, पेनड्राइव्हमध्ये जागा आहे, अडचण त्याच्या फॉरमॅटची आहे. 32 जीबीचे पेनड्राइव्ह बहुतेक फॅट32 मध्ये येतात आणि त्यात 4 जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसतच नाही, जागा कितीही असो. त्यावर काही असेलच तर आधी दुसरीकडे काढून ठेवा, कारण फॉरमॅट केलं की सगळं जातं, मग राइट क्लिक करून फॉरमॅटमध्ये एनटीएफएस निवडा. फाइल जाईल.

पण कॉपी करायच्या आधी आऊटलुक पूर्ण बंद करा, ते चालू असताना फाइल अडकलेली असते. आणि कट नको, कॉपीच करा. डॉक्युमेंट्समध्ये मेल नव्हते कारण 2007 ची फाइल ॲपडेटा नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये असते. तशा आणखी फाइली असतील तर आऊटलुकच्या फाइल मेनूत डेटा फाइल मॅनेजमेंट उघडा, तिथे सगळ्यांची यादी दिसते आणि ओपन फोल्डर केलं की थेट जागेवर नेतं. आर्काइव्ह नावाचीही एखादी असेल, जुने मेल खूपदा तिच्यातच पडलेले असतात, ती विसरू नका.

नवीन पीसीवर फाइल पेनड्राइव्हवरूनच उघडू नका, फाइल खराब व्हायची भीती असते, आधी डी ड्राइव्हवर एक फोल्डर करून त्यात टाका. डॉक्युमेंट्समध्येही ठेवू नका, विंडोज 11 मध्ये ते बऱ्याचदा वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठ्याशी जोडलेलं असतं आणि एवढी मोठी, सतत बदलणारी फाइल तिथे त्रास देते. विंडोजबरोबर फुकट येणारं नवीन आऊटलुक या कामाला धरू नका, ऑफिसबरोबर येणारं क्लासिक आऊटलुक लागेल. त्यात फाइल, मग ओपन अँड एक्स्पोर्ट, मग ओपन आऊटलुक डेटा फाइल. इम्पोर्ट करायची गरजच नाही, नुसती उघडली की डावीकडे बाबांची सगळी फोल्डरं जशीच्या तशी दिसतील आणि तुमच्या मेलमध्ये मिसळणारही नाहीत. उघडताना एरर आली तर घाबरू नका, ऑफिसच्या फोल्डरमध्ये स्कॅनपीएसटी नावाचं फाइल दुरुस्त करणारं टूल असतं, ते चालवा, पण मूळ फाइलवर नको, कॉपीवर.

पीसी मधेच बंद पडतोय म्हणता, तर हे याच आठवड्यात करा. अगदी चालूच झाला नाही तर हार्ड डिस्क काढून यूएसबी केसमध्ये लावता येते, डिस्क चांगली असेल तर फाइल मिळते. म्हणून पीसी इतक्यात भंगारात देऊ नका. आधी नवीन पीसीवर पाच-सहा जुने मेल अटॅचमेंटसकट उघडून बघा, मग फाइलची एक कॉपी भावाकडेही ठेवायला द्या.