पुडी कुणी दिली?

"डॉक्टरांना गावठी औषधाचं सांगायचं का? ओरडतील ना?" कुडाळला माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्यांपैकी किती जणांनी हे विचारलं, त्याची मोजदाद मी सोडून दिली आहे. म्हणून या काकींबद्दल लिहिते. ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत.

पन्नाशीच्या काकी. पायांवर सूज, लघवीला फेस. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी रक्तातून गाळून टाकते तो कचरा, ३.१ पर्यंत वाढलेलं. झोप उडाली म्हणून लेकीने माझ्याकडे आणलं. किडनीच्या डॉक्टरांनी तीनदा विचारूनही "दुसरं काही घेत नाही" एवढंच त्यांचं उत्तर. गुडघ्यांसाठी पाच महिने पुड्या चालू होत्या, हे लेकीला कपाटात सापडलेल्या कागदांवरून कळलं.

पहिल्या भेटीत मी समजावत बसले आणि तिथेच चुकले. काकी म्हणाल्या, "झाडपालो तो, तेना काय जातला?" मला ते अज्ञान वाटलं. पण माहिती देऊन माणूस बोलता होत नाही, त्याचं आधी ऐकावं लागतं, या माझ्या जुन्या विश्वासाकडे मी परत आले. तिसऱ्या भेटीत फक्त विचारलं, "पुडी कुणी दिली?"

बराच वेळ त्या पदराचं टोक पिळत राहिल्या. "भावान. आठवड्याच्या बाजारातसून आणता. आता सासरची सगळी तेचाच नाव घेतली."

म्हणजे त्या औषध लपवत नव्हत्याच. माहेर झाकत होत्या. इतक्या वर्षांच्या कामात मला हे आधी दिसायला हवं होतं. पण दिसलं तेव्हा पुढचा प्रश्न आपोआप सुचला.

"भाऊ स्वतः घेतो का ती पुडी?"

पदर हातातून सुटला. "घेता. माज्याहून जास्ती."

त्या तशाच बसून राहिल्या. मीही बोलले नाही. मग त्यांनी पिशवीतून मोबाईल काढला आणि माझ्यासमोरच भावाला फोन लावला. दुसऱ्या दिवशी उरलेल्या पुड्या डॉक्टरांच्या टेबलावर होत्या.

तासाभरात गुडघा मोकळा करणारी पुडी असेल, तर तिच्यात वेदनाशामक गोळी किंवा स्टिरॉइड कुटून घातल्याचा संशय घ्यावा. डॉक्टरांनीही तोच घेतला. वेदनाशामकं महिनोन्‌महिने पोटात गेली की किडनीचा रक्तपुरवठा घटतो; बीपी, मधुमेह असेल तर लवकरच.

आणि निव्वळ झाडपालाही निरुपद्रवी असतोच असं नाही. बेल्जियममध्ये १९९० च्या सुमारास वजन घटवण्याच्या चिनी वनौषधीत एका मुळीऐवजी अ‍ॅरिस्टोलोकिया नावाची विषारी वनस्पती गेली, आणि शंभराहून अधिक जणांच्या किडन्या बिघडल्या. त्याच कुळातली ईश्वरी, म्हणजे सापसंद, आपल्या रानात मिळते. केरळात कोलेस्टेरॉलसाठी बिंबलांचा रस पिऊन त्यातल्या ऑक्झॅलेट नावाच्या क्षारामुळे किडनी बंद पडल्याची उदाहरणं आहेत. आमटीत दोन बिंबलं घालणं वेगळं, पेलाभर रस पिणं वेगळं. पारा, शिसं असलेली भस्मं कुणाच्याही सांगण्यावरून घेऊच नयेत.

मी आयुर्वेदाच्या विरोधात नाही. शिकलेला वैद्य चिठ्ठीवर नाव लिहून देतो. पाकिटावर घटक, परवाना आणि बॅच क्रमांक असतो. बिननावाच्या पुडीबद्दल विचारणार कुणाला? कुठलंही औषध महिनाभराच्या वर चालणार असेल, तर आधी आणि मधे रक्तातलं क्रिएटिनिन व लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन तपासून घ्या. क्रिएटिनिन वाढलेलं दिसेपर्यंत किडनीचं निम्म्याच्या आसपास काम गेलेलं असू शकतं, म्हणून दुखण्याची वाट पाहू नका. आणि डॉक्टरांकडे जाताना पुडी, बाटली, काढ्याची मुळी जशी आहे तशी पिशवीत घालून न्या. ओरडले तर ओरडू देत.

काकींचं क्रिएटिनिन १.८ वर येऊन थांबलं आहे, पूर्ववत झालेलं नाही. भावाचं किंचित वाढलेलं निघालं. पुड्या त्याने त्याच दिवशी सोडल्या. आता दर तीन महिन्यांनी दोघं एकाच रिक्षाने तपासणीला येतात.