वाटप, वाटणी आणि नेमणूक

प्रश्न असा आला आहे: ‘डिजिटल रेडिओ आणि दूरचित्रवाणीसाठी २००६ साली जिनिव्हात जो करार झाला त्यावरचा लेख मराठीत आणतो आहे. मूळ मजकुरात अलोकेशन, अलॉटमेंट आणि असाइनमेंट हे तीन शब्द सतत येतात. कोशांत फिरून फिरून ‘वाटप’च हाती लागतं. एका जागी तर माझं वाक्य ‘या वाटपाचं रूपांतर एक किंवा अनेक वाटपांत करता येतं’ असं होऊन बसलं. तीन वेगळे शब्द हवेत का? हवे असतील तर कोणते?’

तीन वेगळे शब्द हवेतच. मूळ लेखकाने पुनरुक्ती टाळायला शब्द बदललेले नाहीत. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या रेडिओ नियमावलीत पहिल्याच कलमात या तिन्हींच्या व्याख्या एकापाठोपाठ दिल्या आहेत आणि पाचव्या कलमाच्या सुरुवातीला कुठला शब्द कशासाठी, याचा छोटा तक्ताच आहे. वारंवारतांची विभागणी ‘सेवां’मध्ये (प्रसारण, मोबाइल वगैरे) असेल तर अलोकेशन. ‘प्रदेश किंवा देशां’मध्ये असेल तर अलॉटमेंट. ‘केंद्रां’ना द्यायचं असेल तर असाइनमेंट. त्या तक्त्यात फ्रेंच आणि स्पॅनिशमध्येही तीन-तीन वेगळे शब्द ठेवलेले आहेत. मराठीने एकावर भागवावं असं कारण नाही.

व्याख्या बारकाईने वाचल्या तर आणखी एक गोष्ट दिसते. पहिल्या दोन ‘नोंदी’ आहेत. अलोकेशन म्हणजे तक्त्यातली नोंद: वारंवारतांचा अमुक पट्टा अमुक सेवेने वापरायचा. अलॉटमेंट म्हणजे परिषदेने संमत केलेल्या आराखड्यातली नोंद: अमुक चॅनेल, म्हणजे वारंवारतांचा ठरावीक तुकडा, अमुक देशाने अमुक प्रदेशात वापरायचं. तिसरी मात्र ‘परवानगी’ आहे, आणि ती त्या त्या देशाचं प्रशासन आपल्या हद्दीतल्या एका ठरावीक केंद्राला देतं. कागदावरचा हक्क आणि मनोऱ्यावरचा अँटेना यांच्यात जेवढं अंतर, तेवढं दुसऱ्या आणि तिसऱ्या शब्दात.

आता मराठी. माझं मत आधी सांगतो: अलॉटमेंटला ‘वाटप’ नको, ‘वाटणी’ हवं.

दोन्ही शब्द ‘वाटणे’ या एकाच क्रियापदाचे, मुळाशी संस्कृत ‘वण्ट्’ धातू. पण मराठी माणूस ते अदलून बदलून वापरत नाही. वाटप होतं शिध्याचं, पूरग्रस्तांना मदतीचं, शाळेत वह्यांचं. तिथे देणारा एक असतो, घेणारे अनेक असतात आणि किती द्यायचं ते देणारा ठरवतो. वाटणी होते जमिनीची, घराची, आंब्याच्या झाडांची. तिथे वरून देणारा कोणी नसतो. सगळे मुळातच हक्कदार असतात, एकत्र बसतात, भांडतात, शेवटी कागद करतात. त्या कागदाला आपण वाटणीपत्र म्हणतो, वाटपपत्र म्हणत नाही.

जिनिव्हात २००६ साली १५ मे ते १६ जून जे घडलं ते वाटपासारखं होतं की वाटणीसारखं? दूरसंचार संघाकडे देण्यासाठी वारंवारता नव्हत्या. संघ फक्त ओसरी, कागद आणि हिशेब पुरवतो. युरोप, आफ्रिका, मध्यपूर्व आणि पूर्वीच्या सोव्हिएत संघातले देश समोरासमोर बसले होते आणि प्रश्न एकच होता: १७४ ते २३० आणि ४७० ते ८६२ मेगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांत कोणाला काय. हिशेब इतका प्रचंड होता की संघाच्या स्वतःच्या संगणकांच्या जोडीला जिनिव्हाजवळच्या सर्न या भौतिकी प्रयोगशाळेचं संगणकजाळं लावावं लागलं. प्रत्येक फेरीत देशांच्या मागण्या एकमेकींवर तपासायच्या, कुठे कोणाचा व्यत्यय कोणाला होतो ते काढायचं, मग शेजाऱ्यांनी निकाल घेऊन पुन्हा बोलणी करायची. शेवटी युरोपातल्या बऱ्याच देशांच्या पदरी वरच्या पट्ट्यात दूरचित्रवाणीचे सात-आठ थर आले; एक थर म्हणजे सगळा देश झाकणारा चॅनेलांचा एक संच.

वाटणीत बांध महत्त्वाचा. रेडिओ लहरींना सीमेवरची चौकी दिसत नाही, म्हणून शेजारी कोण हाच खरा मुद्दा ठरतो. वारंवारतांसाठी जगाचे तीन विभाग केलेले आहेत. त्यांत इराण तिसऱ्या विभागात मोडतो आणि बाकी सगळे पहिल्या विभागातले, तरी इराणला या बैठकीत घेतलं, कारण त्याचे बांध या देशांना लागून आहेत. उलट मंगोलिया पहिल्या विभागातला असूनही नियोजन क्षेत्राबाहेर राहिला. घराण्याचं नातं बाजूला ठेवून बांधाचं नातं पाहिलं गेलं, आणि ते मला फार समंजस वाटतं.

आराखड्यातल्या अशा प्रत्येक नोंदीला प्रदेशाची हद्द जोडलेली असते: अक्षांश-रेखांश दिलेले सीमाबिंदू एकापुढे एक जोडून झालेला बहुभुज. आपल्या खरेदीखतात आणि वाटणीपत्रात चतुःसीमा लिहितात, तेच काम. अनुवादात मी बेधडक ‘वाटणीची चतुःसीमा’ लिहीन. बाजू चारच असायला हव्यात असं आपल्याकडेही कोणी मोजत नाही.

इथे फ्रेंचची साक्ष काढण्याजोगी आहे. त्या तक्त्यात फ्रेंच शब्द आहे ‘आलोतिस्माँ’. फ्रेंच कायद्यात ‘आलोतीर’ म्हणजे वारसांच्या वाटणीत प्रत्येकाच्या वाट्याला त्याचा हिस्सा लावणे. इंग्रजी शब्दाच्या आतही तोच ‘लॉट’ बसला आहे. त्या लॉटला चिठ्ठी उचलण्याचा वास आहे, म्हाडाच्या सोडतीसारखा. जिनिव्हात नशिबावर काही सोडलं नव्हतं. स्पॅनिशने ‘अदहुदिकासिऑन’ घेतलं, त्यात निवाड्याचा अर्थ आहे. मराठीकडे भाऊबंदांची वाटणी आधीपासून आहे, आणि फ्रेंच वकिलाला ती लगेच पटेल.

मग वाटणी आजच का लागली, आधी का नाही? १९६१च्या स्टॉकहोम करारात एकेका प्रक्षेपण केंद्राची यादी होती, म्हणजे तिसऱ्या, असाइनमेंटच्या, प्रकारचा आराखडा. जुन्या अ‍ॅनालॉग दूरचित्रवाणीत शेजारच्या दोन केंद्रांनी एकच चॅनेल वापरलं की पडद्यावर एका चित्राशेजारी दुसरं फिकट चित्र उमटायचं. त्यामुळे ‘हा सगळा प्रदेश घ्या, त्यात हे एक चॅनेल हवं तसं वापरा’ असं म्हणण्यात फारसा अर्थ नव्हता. डिजिटल पद्धतीत दोन संकेतांच्या मध्ये एक सुरक्षित मोकळी वेळ ठेवता येते. युरोपीय तांत्रिक प्रमाणकातल्या एका रचनेत ती २२४ मायक्रोसेकंदांची असते. तेवढ्या वेळात लहर सुमारे ६७ किलोमीटर जाते. एवढ्या अंतरातल्या केंद्रांनी एकाच वारंवारतेवर तोच कार्यक्रम पाठवला तर ते भांडत नाहीत, एकमेकांना हातभार लावतात. अशा जाळ्यासाठी आधी प्रदेश लागतो, केंद्रं मागाहून ठरतात. डिजिटल रेडिओसाठी १९९५ साली व्हीसबाडेनमध्ये युरोपीय देशांनी याच पद्धतीने आराखडा केला होता.

उरलेल्या दोन शब्दांपैकी असाइनमेंट सोपा आहे. चॅनेल केंद्राला ‘नेमून दिलं’, आणि नाम ‘नेमणूक’. नेमणूक म्हटलं की नोकरी आठवते, हा आक्षेप येईल. पण पेशवाईच्या कागदांत नेमणूक ही ठरवून दिलेल्या रकमेचीही असते, केवळ माणसाची नाही. ठरावीक माणसाला, ठरावीक कामासाठी, ठरवून दिलेलं, ही छटा आपल्याला हवी तीच आहे.

नेमणुकीचं उदाहरण तर आपल्या घरातलंच आहे. भारत तिसऱ्या विभागात असल्याने २००६च्या करारात नाही, पण मध्यम लहरींच्या १९७५च्या जिनिव्हा करारात आहे. तो आराखडा केंद्रनिहाय नेमणुकांचा होता आणि २३ नोव्हेंबर १९७८ रोजी लागू झाला. त्यात दोन शेजारच्या वारंवारतांमध्ये ९ किलोहर्ट्झचं अंतर ठेवलं आणि प्रत्येक वारंवारता नऊच्या पाढ्यातली. पुणे ७९२, मुंबई ५५८ आणि १०४४, नागपूर ५८५, जळगाव ९६३, सांगली १२५१, पणजी १२८७. कुठल्याही आकड्याला नऊने भागून पाहा. आजोबांच्या ट्रान्झिस्टरवर सुई जिथे थांबायची ती जागा जिनिव्हात नेमलेली होती, हे मला कळलं तेव्हा मी सगळे आकडे कागदावर मांडून बसलो होतो.

अलोकेशन सर्वांत अवघड. ‘आरक्षण’ सुचतं, पण ते चुकवतं, कारण एकाच पट्ट्यात दोन-तीन सेवा नांदू शकतात, काही प्रथम दर्जाच्या, काही दुय्यम. ‘नियतन’ हा शब्द रास्त भाव दुकानांच्या कागदांत आहे, पण तिथे तो जिल्ह्याच्या वाट्याच्या धान्याला लागतो, म्हणजे तो वाटणीच्या बाजूला कलतो. मी ‘विनियोग’ सुचवतो. संध्येत ‘प्राणायामे विनियोगः’ म्हणतात, म्हणजे हा मंत्र कोणत्या कामी लावायचा ते आधी सांगतात. कोणाला द्यायचा ते नाही, कशासाठी ते. अलोकेशनचा गाभा हाच. आज ‘पैशाचा विनियोग’ म्हणजे पैसे प्रत्यक्ष वापरणं असाही अर्थ झाला आहे, म्हणून क्रियापदात ‘विनियोग ठरवला’ असं लिहावं, नुसतं ‘विनियोग केला’ नको. २००७च्या जागतिक परिषदेत पहिल्या विभागात ७९० ते ८६२ मेगाहर्ट्झचा पट्टा मोबाइल सेवेलाही खुला करायचं ठरलं, तेव्हा बदलला तो विनियोग. देशांच्या वाटण्या त्या दिवशी कागदावर तशाच होत्या.

लेखात आणखी एक खड्डा आहे, तो न विचारताच दाखवतो. फ्रिक्वेन्सी चॅनेलला ‘वाहिनी’ लिहू नका. मराठीत वाहिनी म्हणजे सह्याद्री वाहिनी, वृत्तवाहिनी. डिजिटलमध्ये आठ मेगाहर्ट्झच्या एका चॅनेलमधून अनेक वाहिन्या जातात, तेव्हा ‘एका वाहिनीवर सहा वाहिन्या’ असं वाक्य होईल. फ्रिक्वेन्सीला शाळेच्या पुस्तकांतलं ‘वारंवारता’ ठेवा. विश्वकोशातलं ‘कंप्रता’ नेटकं आहे, पण वाचकाला थांबवतं.

आणि वर्तमानपत्रांतलं ‘स्पेक्ट्रम वाटप’ चूक आहे का? नाही. तिथे सरकार देणारं आणि कंपन्या घेणाऱ्या असतात, म्हणून वाटप शोभतं. तांत्रिक भाषेत मात्र ती असाइनमेंट आहे. आपल्या २०२३च्या दूरसंचार कायद्यातही तोच शब्द वापरला आहे.

तर तुमचं अडलेलं वाक्य मी असं लिहीन: ‘वाटणीत आलेल्या चॅनेलवर तो देश आपल्या एका किंवा अनेक केंद्रांच्या नेमणुका करू शकतो, मात्र त्या सगळ्यांचा मिळून शेजाऱ्याला होणारा व्यत्यय वाटणीच्या वेळी धरलेल्या मर्यादेपलीकडे जाता कामा नये.’ शेवटचा तुकडा तुमच्या मूळ वाक्यात नसेल, पण करारात आहे. जागा मिळाली तर तो जरूर घ्या.